टीबीच्या रुग्णाचे ताट



पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. तिशीतला ऊसतोड कामगार, फडावरून खोकत परत आलेला. बेडका तपासला, टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि तो एकही दिवस न चुकवता घेत होता. आमच्या पिशवीतल्या काट्यावर उभे केले तर वजन 38 किलो. उंची पाच फूट चार इंच.

आईला विचारले, काय देता खायला? म्हणाली, "भाताची पेज अन् मुगाचं वरणाचं पाणी. अंडी बंद केलीत, उष्ण पडत्यात. शेंगदाण्यानं खोकला वाढतो. केळं, दही तर नाहीच, थंड." दाराबाहेर दगडावर एक जर्मनची ताटली पालथी घातली होती. ती त्याची.

गोळी मिळत होती आणि अन्न काढून घेतले होते. या पानावर टीबीबद्दल आम्ही यापूर्वीही लिहिले आहे, पण ते बहुतेक गोळ्यांबद्दल होते. आज ताटाबद्दल लिहितो.

टीबीचा जंतू आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात शिरलेला असतो. सगळ्यांना आजार होत नाही. शरीराची ताकद त्याला दाबून ठेवते. ही ताकद कमी करणाऱ्या गोष्टींत आपल्या देशात पहिला नंबर कुपोषणाचा. मग मधुमेह, दारू, तंबाखू आणि एचआयव्ही. एकदा आजार झाला की भूक मरते, ताप अंगातले मांस जाळतो आणि माणूस आणखी वाळतो. म्हणजे उपाशी माणसाला टीबी गाठतो आणि टीबी त्याला आणखी उपाशी करतो. गोळ्या जंतू मारतात, पण झिजलेले मांस भरून काढायचे काम अन्नाचेच.

हे आता नुसते म्हणणे राहिलेले नाही. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात 2,800 टीबी रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने केला. प्रत्येक रुग्णाला गोळ्यांबरोबर दर महिन्याला दहा किलोंची शिधापिशवी दिली: तांदूळ, चण्याचे सत्तू, दूध पावडर, तेल. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. घरातल्या इतर माणसांनाही तांदूळ आणि डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. कोणतीही नवी लस नाही, इंजेक्शन नाही. डाळ-तांदूळ.

पाच टक्के म्हणजे किती? 38 किलोच्या माणसाला दोन किलोसुद्धा नाही. एवढेच पहिले ध्येय ठेवायचे. पुढचे ध्येय उंचीवरून काढतात. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि आलेल्या आकड्याला 18.5 ने गुणा. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन निदान साडेएकेचाळीस किलो हवे. आमच्या या भावाचे 49 हवे होते. तो अकरा किलोंनी कमी होता आणि घरात पथ्य चालले होते!

पथ्याबद्दल स्पष्टच सांगतो. टीबीला खाण्याचे पथ्य नाही. अंडे, मटण, मासे, केळे, दही, शेंगदाणे, यातले काहीही बंद करायचे कारण नाही. बंद करायची ती दारू, कारण या गोळ्या आणि दारू दोन्ही यकृतावर ताण टाकतात. बिडी आणि मिस्रीही सोडा. गोळ्यांनी लघवी केशरी-लाल होते, त्याला "उष्णता" समजून आया-बहिणी अंडी बंद करतात. तो रंग एका गोळीचाच असतो, घाबरू नका. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी घेतल्यावर नुसते मळमळत असेल तर थोडे खाऊन घ्या, पण आपल्या मनाने गोळी सोडू नका.

आता किती खायचे? टीबीच्या रुग्णाला किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. 45 किलो वजन गाठायचे असेल तर 55 ते 65 ग्रॅम धरा. आपल्याकडच्या जेवणात हा हिशेब असा बसतो: बाजरीच्या तीन भाकरी, साधारण 18 ग्रॅम. वाटीभर मोड आलेली मटकी किंवा हुलगे, 12 ग्रॅम. दोन अंडी, 12. दोन मुठी शेंगदाणे, 10. एक पेला दूध, 6. झाले 58. यात कुठेही डब्यातली महागडी पावडर नाही. त्या पावडरीसाठी सावकाराचे पैसे काढलेले लोक आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका. तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

सुकट आणि सुके बोंबील आठवडी बाजारात मिळतात. सुक्या बोंबलाच्या शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मीठ जास्त असते म्हणून धुऊन घ्या, आणि ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी बेताने खा. वजडी, कलेजी, पाया हे आपल्या घरातले जुने पदार्थ. शिकलेल्या मुलांना आता ते सांगायची लाज वाटते. कलेजीत भरपूर लोह आणि अ जीवनसत्त्व आहे, लाजण्यासारखे काही नाही. 2015 पासून राज्यात बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. कायदा करताना टीबीच्या रुग्णाच्या वजनाचा विचार कुणी केला असेल असे आम्हाला वाटत नाही. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी मटकी, हुलगे, सोयाबीन, शेंगदाणे, दूध वाढवावे. भागते.

भूक नसेल तर दोन वेळच्या भरल्या ताटाचा आग्रह नको. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. पेज द्यायचीच तर तिच्यात शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर तेल घाला. नुसत्या पाण्याने वजन वाढत नाही.

आता पैशाचे. निक्षय पोषण योजनेत 2018 पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 500 रुपये मिळत होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. दिवसाला 33 रुपये. यात दोन अंडी आणि शेंगदाणे होतात, घर चालत नाही. पैसे रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात आणि इथेच घोडे अडते. खाते बंद पडलेले, आधार जोडलेले नाही, बाईच्या नावावर खातेच नाही. निदान झाले त्याच आठवड्यात पासबुक घेऊन आशाताईंकडे जा. फार कमी वजनाच्या रुग्णासाठी पहिले दोन महिने पूरक आहाराचीही तरतूद आहे, तीही विचारून घ्या. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत आहे, पण त्यात डाळ नाही. आणि डाळच तर हवी असते.

वजन दर महिन्याला करा आणि कार्डावर लिहून घ्या. याचे आणखी एक कारण आहे. टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. 25 ते 34 किलोला रोज दोन, 35 ते 49 ला तीन, 50 ते 64 ला चार. तेहतीस किलोची बाई अडतीसवर गेली तर तिचा डोस वाढायला हवा. वजनच केले नाही तर हे कुणाच्या लक्षात येणार? डोस डॉक्टर बदलतील, आपण घरी नाही. आणि दोन महिने गोळ्या आणि जेवण नीट चालू असूनही वजन हलत नसेल, तर बेडका पुन्हा तपासायला सांगा. औषधाला दाद न देणारा टीबी असू शकतो. साखरही तपासा.

साखरेवरून सांगतो. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटच्या वर्षांत किती छळले हे आपल्याला ठाऊक आहे. अशा रुग्णाचे वजन जास्त असेल तर ते उतरवायला हवे, पण टीबीचा उपचार चालू असताना उपाशी राहून नव्हे. साखर, गूळ, चहाचे कप कमी करा. डाळ, अंडी कमी करू नका.

आपल्या जिल्ह्याला हे सगळे नवे नाही. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले तेव्हा लोकांनी औषधाच्या आधी अन्न आणि पाणी मागितले. त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांत आपल्या समाजाच्या पुष्कळ जणी होत्या, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या लेकरांची वजने करत, आयांना आहार सांगत, आणि ज्यांच्या घरात त्यांना पूर्वी उंबरा ओलांडू देत नव्हते तिथे बाळंतपणे करत. 1971 मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. वीस-बावीस वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला. आम्ही नर्सिंगच्या डिप्लोमाला होतो तेव्हा औषधांची नावे घोकली. काट्याची किंमत जामखेडच्या कामामुळे कळली.

आता त्या दगडावरच्या ताटलीकडे येतो. टीबी ताटवाटीने, पाण्याने, हात लावल्याने पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. तोंडावर रुमाल हवा, खिडकी उघडी हवी, पहिले काही आठवडे झोपायला जागा वेगळी असली तर बरे. गोळ्या नियमित घेतल्या की पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. वेगळी ताटली कशासाठी? 1927 मध्ये चवदार तळ्यावर ज्यांच्या आजा-पणज्यांनी ओंजळ भरली, त्यांच्या घरात आजारी पोराला दाराबाहेर वाढावे, हे त्या आईला आम्ही समजावून सांगितले. तिला आमचे बोलणे लागले. रडली, मग ताटली घासून आत नेली.

दोन महिन्यांनी त्याचे वजन साडेचाळीस भरले. सहाव्या महिन्यात 45. अजून चार किलो कमीच आहे. आणि दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला पुन्हा कोयता उचलावा लागणार आहे.

म्हणून फडावर जाणाऱ्या सगळ्यांसाठी: उपचार चालू असतील तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा, कोणत्या कारखान्यावर चाललात ते नोंदवा. निक्षयवरची नोंद तिकडच्या दवाखान्यात बदलून मिळते, गोळ्या तिथेच घेता येतात. रेशनही दुसऱ्या जिल्ह्यात उचलता येते. कार्ड, पासबुक आणि गोळ्यांचे पाकीट एका पिशवीत ठेवा. घरातल्या सर्वांची तपासणी निघण्याआधी करून घ्या, लेकरांची आधी. अडचण आली तर निक्षयचा मोफत फोन आहे: 1800-11-6666. पहाटे फडात जाताना नुसती भाकरी-चटणी बांधता, तिच्यात मूठभर शेंगदाणे आणि आदल्या रात्री उकडलेले अंडे टाका.