बेडकांचा व्यापार आणि शेतांचें स्वास्थ्य

ज्या श्रोत्यांचें पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांत जाणें झालें असेल, त्यांनीं भाताच्या खाचरांतून रात्रभर चालणारा बेडकांचा गजर ऐकलाच असेल. शहरवासी माणसास तो कर्कश वाटतो. शेतकऱ्यास मात्र ती आपल्या बिनपगारी राखणदारांची हजेरी असते. पिकावर पडणारे कीटक आणि बांध पोखरणारे खेकडे हें या बेडकांचें नित्याचें भक्ष्य होय. बेडकांवर साप व बगळे जगतात. सापांमुळें उंदीर आटोक्यांत राहतात. असा हा जमाखर्च शेतांत आपोआप जुळत असतो.

त्यांतली एखादी बाजू थोडी कमीजास्त झाली तरी हिशेब सावरतो, कारण खाणारा आणि खाद्य एकाच शिवारांत असतात. बेडूक घटले तर त्यांवर जगणाऱ्यांस उपवास घडतो, त्यांची संख्या रोडावते आणि बेडकांस पुन्हां वाढण्यास अवसर मिळतो. उणीव खाणाऱ्यास तत्काळ जाणवणें, हेंच या स्थैर्याचें मर्म आहे. परंतु खाणारा जर हजारों कोस दूर असेल तर काय होतें?

फ्रान्स व बेल्जियम या देशांत बेडकाच्या तंगड्या हें आवडीचें पक्वान्न समजलें जातें. तेथील पाणथळ जागा ओस पडूं लागल्या, तेव्हां १९८० सालीं फ्रान्सनें आपल्या देशांत व्यापारासाठीं बेडूक पकडण्यावर निर्बंध घातले. खाण्यावर मात्र निर्बंध आले नाहींत. भारत व बांगलादेश येथून गोठवलेल्या तंगड्या परदेशीं जातच होत्या. ताटें त्यांवर भरत राहिलीं.

भारतांतला मोठा बेडूक पहिल्या पावसांत विणीसाठीं जमतो आणि रात्रीं बत्तीच्या उजेडांत सहज हातीं लागतो. म्हणजे अंडीं घालण्याच्या ऐन वेळींच त्याच्यावर घाला पडे. पकडणाऱ्यास रोकड मिळे, निर्यातदारास परकीय चलन मिळे. पण शेतकऱ्यावर पडणारा कीटकांचा भार कोणाच्याच वहींत मांडला जात नसे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनीं १९८५ मध्यें संस्थेच्या नियतकालिकांत या निर्यातीविषयीं सविस्तर लेख लिहिला. बेडूक विकून जें मिळवावें तें कीटकनाशकांवर दवडावें लागतें, असा निसर्गाभ्यासकांचा आक्षेप होता. अखेर १९८७ सालीं भारतानें ही निर्यात बंद केली.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण मागणी संपली नव्हती. ती इंडोनेशियाकडे वळली. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत युरोपीय संघांतील देशांनीं सुमारें ४ कोटी ७ लाख किलो तंगड्या आयात केल्या. त्यांपैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश एकट्या इंडोनेशियांतून आल्या, आणि तेथील बेडूक बहुतांशीं रानावनांतून पकडलेले असतात. एका किलोस २० ते ५० बेडूक लागतात. किमान आंकडा धरला तरी ही संख्या ८० कोटींवर जाते! तुर्कस्तानांतूनही असा माल जातो, आणि तेथील पाणथळींतले बेडूक घटत चालल्याचें अभ्यासकांस आढळलें आहे.

पॅरिसांत जेवणारा मनुष्य दुष्ट नाहीं. त्याला फक्त कांहीं कळत नाहीं. एक तळें रिकामें झालें कीं व्यापार दुसरें शोधून देतो, आणि ताट भरलेलेंच राहतें. सापाला जी उणीव उपवासानें कळते, ती माणसापर्यंत पोंचतच नाहीं. दूरदूरचे जीवसमूह व्यापारानें जोडले जातात, तेव्हां माल इकडून तिकडे जातो. सूचना मात्र उलट येत नाहीं.

म्हणून एकट्या देशाची बंदी अपुरी ठरते. ती आपलें शेत राखते, पण घाला दुसऱ्याच्या शेतावर ढकलते. विकणाऱ्या देशानें आधीं बेडकांची मोजदाद करावी, विणीचे दिवस वर्ज्य करावे. घेणाऱ्या देशानें माल कोणत्या जातीचा व कोणत्या पाणथळींतला हें विचारल्यावांचून तो उतरवूं नये. एवढें झालें तर शिवारांतली उणीव दूरच्या ताटासही कळूं लागेल.