विरंगुळा म्हणजे रिकामपण नव्हे

संध्याकाळी विरंगुळा केंद्राचं कुलूप निघतं. कॅरमवर पावडर पडते, वर्तमानपत्राची पानं वाटली जातात, कोपऱ्यात टाळ खणखणतात. ज्येष्ठ नागरिक संघांच्या अशा केंद्रांबद्दल काही समज मात्र घट्ट बसले आहेत.

गैरसमज : विरंगुळा ही चैन. कामं उरकून वेळ उरला तर करायची.
वस्तुस्थिती : फुरसत भांडून मिळवावी लागली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवार मोकळा झाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क मान्य करतं. त्यात वयाची अट नाही.

गैरसमज : म्हातारपणी सकाळचं फिरणं आणि भजन पुरे.
वस्तुस्थिती : दोन्ही उत्तमच, पण पुरेसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे वेगवेगळे व्यायाम करावेत. पडणं टळावं, हा त्यामागचा मुख्य हेतू. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, हात न टेकता उठणं-बसणं, फुगडी नाही तरी संथ फेर धरणं, हे केंद्रातही जमतं.

गैरसमज : रोज शब्दकोडं सोडवलं की विस्मरणाचा आजार जवळ येत नाही.
वस्तुस्थिती : अशी हमी कोणी देऊ शकत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचाहत्तरीपुढचे ४६९ जण होते. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. पण आजार उघड होण्याआधीच माणसाचा रस आटू लागतो, हीही शक्यता असते. म्हणून कोडं औषधासारखं घेऊ नये. आवडतं म्हणून सोडवावं.

गैरसमज : नवं काही करायचं तर पैसा हवा.
वस्तुस्थिती : डॉ. मदन कटारिया यांचा हास्य क्लब १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत मोजक्या माणसांनिशी सुरू झाला. भांडवल हसण्याचंच.

गैरसमज : केंद्रातला कार्यक्रमांचा फळा भरगच्च, म्हणजे विविधता आली.
वस्तुस्थिती : सोमवारी व्याख्यान, मंगळवारी सुगम संगीत, बुधवारी प्रवचन, गुरुवारी सत्कार. नावं चार, पण चारही दिवस काम एकच : बसून ऐकायचं. ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्यासाठी आठवडा तिथेच संपला. खरी विविधता भूमिकेत असते. कधी श्रोता, कधी शिकवणारा. कधी घोळक्यात, कधी एकट्यानं. कधी हातानं काही घडवत. वेळेचंही तसंच. बायका येत नाहीत, असं म्हणणाऱ्या संघानं संध्याकाळी सहाला घरोघरी कुकर कोण लावतं ते पाहावं आणि एखादा कार्यक्रम दुपारी तीनला ठेवून बघावा.

आणि फळ्यावरची एखादी ओळ कोरी राहू द्यावी. बाकावर नुसतं बसलेल्या आजोबांना “या ना, काहीतरी करा” म्हणून उठवू नये. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी काही करायला सांगत नसेल.