घनता आणि विशिष्ट गुरुत्व : भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात का टाकतात?

भाटघर धरणाच्या पाण्यात वाहून आलेला ओंडका तुम्ही पाहिला असेल. दोघांना उचलणार नाही एवढा जड, तरी तो तरंगतो. आणि काठावरचा मुठीएवढा काळा दगड टाकला, की थेट तळाला! म्हणजे बुडणं-तरंगणं नुसत्या वजनावर ठरत नाही. ते घनतेवर ठरतं.

घनता म्हणजे काय?
घनता = वस्तुमान ÷ आकारमान.
१ लीटर पाणी साधारण १ किलो भरतं. तेवढ्याच आकाराचा आपला काळा दगड (बेसॉल्ट) पावणेतीन ते तीन किलो भरतो, तर वाळलेलं सागाचं लाकूड सुमारे ६५० ग्रॅम.

विशिष्ट गुरुत्व म्हणजे काय?
पदार्थाची घनता पाण्याच्या घनतेच्या किती पट आहे, ते सांगणारी संख्या. यालाच सापेक्ष घनता म्हणतात. हे गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नसतं.

काही अंदाजे किमती :
- रॉकेल – ०.८
- बर्फ, खोबरेल तेल – ०.९२
- दूध – १.०३
- लोखंड – ७.८
- पारा – १३.६
- सोनं – १९.३

भरीव वस्तूचं विशिष्ट गुरुत्व १ पेक्षा कमी असेल तर ती पाण्यावर तरंगते, जास्त असेल तर बुडते.

शेतातला उपयोग
भोर-वेल्ह्याकडे भात हे मुख्य पीक. बियाणं पोचट निघालं तर रोप कमजोर येतं आणि अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणून पेरणीआधी १० लीटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. याला ३ टक्के मिठाचं द्रावण म्हणतात. ढवळून थोडा वेळ स्थिर ठेवायचं. वर आलेले दाणे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचे.

मग साधं पाणी का नको? पूर्ण पोकळ दाणा साध्या पाण्यावरही तरंगतो. पण अर्धवट भरलेला दाणा, घनता १ पेक्षा जराशी जास्त असली तरी, बुडतो आणि चांगल्या बियाण्यात मिसळतो. मिठामुळे पाण्याची घनता सुमारे १.०२ होते, त्यामुळे असे बरेच दाणे वर येतात. भरलेला दाणा मात्र तळाशीच राहतो.

घरी करून पाहा : ग्लासभर पाण्यात बटाट्याची फोड टाका, ती बुडेल. आता चमचा-चमचा मीठ विरघळवत जा, फोड वर येईल. सांगा बरं, घनता कोणाची बदलली, फोडीची की पाण्याची?