लोहाच्या भूमीत लोहाची तूट

गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडच्या डोंगरांत लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. त्यांचा हिशेब टनांत होतो. याच परिसरातील स्त्रियांच्या रक्तातील लोहाचा हिशेब मात्र मिलिग्रॅममध्ये करावा लागतो आणि तो बहुधा तुटीचाच निघतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू असताना हे घडावे, याचा विचार करावयास हवा.

रक्तक्षय हा केवळ वैद्यकाचा विषय नव्हे. लोह कमी पडले की रक्त प्राणवायू कमी वाहून नेते आणि श्रमशक्ती घटते. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांतील मजुरांवर झालेल्या व १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोह मिळाल्यावर रक्तक्षयी मजुरांचे काम वाढल्याचे दिसून आले. आपल्याकडे तेंदूपानाची मजुरी पुड्यांच्या संख्येवर ठरते. जिचे रक्त कमी, तिचे पुडे कमी. पुडे कमी म्हणून मिळकत कमी. आणि मिळकत कमी म्हणून ताटात डाळ व भाजी कमी. दारिद्र्याचे हे चक्र तिच्या रक्तातूनच फिरत असते.

मुख्यतः भातावर चालणाऱ्या आहारात लोह थोडे आणि जे असते तेही शरीरात पुरते शोषले जात नाही. जेवणाबरोबरचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो. आवळा किंवा लिंबू मात्र शोषणास साहाय्य करते. अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात. हिवताप तांबड्या पेशी फोडतो. त्यात वरचेवरची बाळंतपणे आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवण्याची रीत यांची भर पडते. इतकी गळती चालू असताना एकट्या गोळीने हौद कसा भरावा?

शिवाय या जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो. त्यातील रक्तक्षय मूलतः लोहाच्या अभावाचा नसून, विळ्याच्या आकाराच्या पेशी अकाली फुटल्यामुळे होणारा असतो. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या अशा रुग्णाच्या शरीरात लोह साचते. तेथे परीक्षेविना दिलेले लोह अपायकारक ठरू शकते. उलट, सिकलसेल असलेल्या स्त्रीलाही लोहाची कमतरता असू शकते. तेव्हा आधी तपासणी आणि मग उपचार, हाच क्रम योग्य होय. या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली, हे स्वागतार्ह आहे.

उपाय अज्ञात नाहीत. गर्भवती व स्तनदा मातांना दिवसाकाठी एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत २०१५ साली सुरू झाली. तिची दिशा बरोबर आहे. गोळ्या चालूच राहाव्यात. पण त्यांनी मळमळते व शौचास काळी होते, हे स्त्रियांना आधीच समजावून सांगितले पाहिजे, नाहीतर त्या फडताळातच पडून राहतात. मुख्य म्हणजे मोजमाप बदलले पाहिजे. किती गोळ्या वाटल्या, हा आकडा खर्चाचा आहे. किती स्त्रियांचे हिमोग्लोबिन वाढले, हा फलिताचा. पहिल्याच्या आधारावर कार्यक्रमाला यशस्वी म्हणणे म्हणजे बियाणे मोजून पीक आले असे मानण्यासारखे आहे. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनाची जर नोंद होते, तर गावातील प्रत्येक स्त्रीच्या रक्ताची नोंद ठेवणे अशक्य का असावे?