रात्रपाळीचा संगणक

आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली हल्ली कॉम्प्युटरच्या कामात आहेत. ‘रात्रीचा बिल्ड फुटला’ असं ती म्हणाली की वडीलधारी मंडळी विचारतात, ‘काय रे बाबा, काय फुटलं?’ त्याचं उत्तर सोप्या शब्दांत द्यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रोग्रामर लिहितो तो नुसता मजकूर असतो. तो संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणं म्हणजे बिल्ड. विंडोजसाठी तो वेगळा, लिनक्ससाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा. दिवसभर अनेक जण मजकुरात फेरफार करतात. एकाचा बदल दुसऱ्याच्या कामात अडचण करत नाही ना, हे रोजच्या रोज कळायला हवं. म्हणून रात्री एक यंत्र ताजा मजकूर घेऊन सगळे प्रकार आपोआप बनवतं. आपण शुक्रवारी दिव्याचा टायमर लावून ठेवतो, तसंच हे. मायक्रोसॉफ्टने 1990 च्या दशकात विंडोज एनटी बनवताना असा रोजचा बिल्ड कसोशीने पाळला होता.

आपल्या इंग्लंडातलं उदाहरण केंब्रिजच्या सायमन टॅथम यांच्या ‘पुटी’चं. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारा हा छोटा, फुकट प्रोग्राम जगभर वापरला जातो. त्याच्या ताज्या आवृत्त्या रोज रात्री आपोआप तयार होतात. विंडोजचेच 32-बिट, 64-बिट आणि आर्म चिपसाठी असे प्रकार आहेत, शिवाय युनिक्सचा मजकूर वेगळा.

यात एक मोठा प्रश्न विश्वासाचा. फाइल खरी आहे हे पटावं म्हणून तिच्यावर डिजिटल सही करतात. पण रात्री पासवर्ड टाकायला माणूस कुठून आणायचा? पुटीवाल्यांनी यावर दोन किल्ल्या ठेवल्या. रात्रीच्या बिल्डची किल्ली बिनपासवर्डची, आणि तिच्यावर तेवढाच भरवसा ठेवा असं ते स्वतःच सांगतात. अधिकृत आवृत्तीची किल्ली पासवर्डबंद, ती माणूस स्वतः वापरतो. घराची आणि तिजोरीची किल्ली आपण एका जुडग्यात ठेवत नाही, तसंच.

आता नेहमीच्या अडचणी पाहू. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं अक्षर सहसा सारखंच, लिनक्सला ते वेगळं. त्यामुळे एकीकडे चाललेलं दुसरीकडे अडतं. कालचं उरलंसुरलं सामान फोल्डरमध्ये राहिलं तर चूक झाकली जाते, म्हणून दर रात्री कोऱ्या फोल्डरपासून सुरुवात करावी. सगळ्या प्लॅटफॉर्मना मजकुराची एकच आवृत्ती द्यावी, नाहीतर तुलना फोल ठरते. आजचा बिल्ड फसला तर कालचा चांगला पुसू नये.

या देशात आणखी एक गंमत आहे, ती घड्याळाची. मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता घड्याळ एकदम दोनवर जातं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोनचा पुन्हा एक होतो. म्हणजे दीड वाजता लावलेलं काम एकदा होणारच नाही आणि एकदा दोनदा होईल, अशी भीती असते. मुंबईला फोन करताना कधी साडेचार तर कधी साडेपाच तास मोजणाऱ्यांना हे सांगायला नको! उपाय सोपा: बिल्डचं यंत्र बारा महिने ग्रीनविच वेळेवरच ठेवायचं.

सर्वात घातक असते ती शांतता. बिल्ड फसला की ईमेल येते, हे ठीक. पण यंत्रच बंद पडलं तर ईमेल कोण पाठवणार? म्हणून ‘झालं’ असा निरोप ठरल्या वेळी आला नाही, तर दुसऱ्या यंत्राने ओरडलं पाहिजे.

तरीही बिल्ड झाला म्हणजे प्रोग्राम निर्दोष, असं मानू नये. पुटीच्या 0.68 या 2017 सालच्या आवृत्तीपासून 0.80 पर्यंत एका प्रकारच्या किल्लीत दोष राहून गेला होता. साधारण 60 सह्या हाती लागल्या तर गुप्त किल्ली शोधून काढता येत होती. एप्रिल 2024 मध्ये 0.81 ने तो दुरुस्त केला. मधली सात वर्षं बिल्ड होतच होते. यंत्र सांगितलेलंच तपासतं. काय तपासायचं, हे माणसानेच ठरवायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरात ‘बिल्ड फुटला’ असं ऐकू आलं तर घाबरू नका. चूक गिऱ्हाईकाच्या आधी घरच्यांना कळली, एवढाच त्याचा अर्थ.