आईला त्यागमूर्ती म्हणून मोकळे होऊ नका!

समाजात एखादी वृद्ध माता गेली की जलदान विधीच्या कार्यक्रमात वक्ते एकामागून एक उठतात. ती त्यागमूर्ती होती, पोटाला चिमटा काढून तिने मुलांना शिकविले, नातवंडांना मांडीवर वाढविले, असे सांगतात. ते खरेच असते. परंतु तेवढ्यावर सभा संपते आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आयुष्य दोन वाक्यांत गुंडाळले जाते. पोटाला चिमटा काढला म्हणजे नेमके काय केले? कोणाच्या बांधावर राबली? किती बाळंतपणे काढली, त्यातली किती लेकरे जगली? घर कोणाच्या नावावर होते? याची नोंद कोठेच नसते. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्याच मातांच्या बाबतीत लेखणी खाली ठेवावी, हे चळवळीला शोभणारे नाही.

म्हणूनच बेबीताई कांबळे यांची आठवण करावीशी वाटते. त्यांनी स्वतःची नोंद दुसऱ्या कोणावर सोडली नाही. 1929 साली पुरंदर तालुक्यातील वीरगाव येथे आजोळी त्यांचा जन्म झाला आणि 2012 साली फलटण येथे त्यांचे निधन झाले. तेराव्या वर्षी लग्न झाले. दहा बाळंतपणे झाली, त्यातली तीन लेकरे गेली, सात वाढविली. असे आयुष्य त्या काळच्या कितीतरी आयांचे होते. फरक एवढाच, की बेबीताईंनी ते कागदावर उतरविले.

संसाराला हातभार म्हणून त्यांनी पतीसह सुटी द्राक्षे विकायला सुरुवात केली. पुढे भाजीपाला आणि मग किराणा मालाचे छोटे दुकान आले. पुड्या बांधण्यासाठी रद्दीची वर्तमानपत्रे येत. गिऱ्हाईक नसले की बेबीताई ती वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेले मात्र लपवून ठेवावे लागे, कारण बाईने लिहावे हे घरात खपणारे नव्हते. ते कागद सुमारे वीस वर्षे दडून राहिले. फलटणला स्थायिक झालेल्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते प्रकाशात आले. 1982 साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि 1986 साली पुस्तकरूपाने 'जिणं आमुचं' मराठी वाचकांपुढे आले. 2008 साली माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाने ते जगभर पोहोचले.

या पुस्तकात मातृत्वाची आरती नाही, मातृत्वाचा हिशेब आहे. अडाणी सुईणींच्या हाती सापडलेली कोवळी पोर, बाळंत झाल्यावरही पोटात घास नाही म्हणून तळमळणारी आई, डोळ्यांदेखत जाणारी लेकरे हे सारे त्यात आहे. जाचाला कंटाळून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालणारे सासरही आहे. मनुवादी व्यवस्थेने आमच्या माणसांना चिरडले आणि त्याच माणसांनी घरातल्या बाईला चिरडले, हे सांगताना त्या कचरल्या नाहीत. जेजुरीला बाबासाहेबांनी मुलांना शिकवा असे सांगितले आणि आमच्या बायांनी ते कसे मनावर घेतले, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. स्वतःच्या संसारातील मारहाण आणि पतीचा संशय मात्र त्यांनी पुस्तकात फारसा आणला नाही. ते अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. समाजाचे दुःख आधी आणि आपले नंतर, हा क्रम त्यांनी लावला.

मुलांना त्यांनी शिकविलेच, शिवाय फलटणजवळ मागास समाजातील मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. आपली लेकरे मार्गी लागली म्हणजे आईपण संपले असे त्यांनी मानले नाही. शिकून पुढे गेलेली माणसे मागे राहिलेल्यांकडे वळून पाहत नाहीत, ही खंतही त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखविली.

आता वकील म्हणून थोडे बोलतो. आईच्या कष्टाला किंमत असते हे मान्य करायला न्यायव्यवस्थेलाही वेळ लागला. अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल ठरविण्याचा प्रश्न हाताळला. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसविले होते, त्यावर न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. परंतु न्यायालयापर्यंत ही किंमत पोहोचते ती बहुधा बाई मेल्यानंतर. जिवंतपणी तिला काय मिळते?

माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध मातांच्या पिशवीत बहुतेक वेळा एकच कागद सापडतो, हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर घर मुलाच्या नावावर करण्यासाठी आईचा अंगठा आणि बहिणींच्या सह्या घेतल्या जातात. वास्तविक 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई, पत्नी, मुलगा व मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी रात्रीचा दिवस केला, ते रखडविले गेले आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल प्रमुख होते. त्याच बाबासाहेबांची जयंती वाजतगाजत करायची आणि घरी आईचा अंगठा हक्कसोडपत्रावर उठवायचा, याला काय म्हणावे?

2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदाही ध्यानात ठेवावा. आईच नव्हे, आजीसुद्धा सज्ञान मुला-नातवंडांकडून निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. त्यासाठी वकील लागत नाही. या कायद्यानंतर सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो दस्त रद्द ठरविता येतो. आपल्या मातांना हे कोणी सांगतच नाही.

वाचकहो, 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती गेली की तिच्यासोबत घराघरातील देव्हारे कसे निघाले, उपाशीपोटी वही-पाटी कशी आली, पहिली बुद्धवंदना कशी पाठ झाली याची साक्ष जाईल. म्हणून दोन कामे करा. रविवारी विहारातून आलात की आई-आजीजवळ वही घेऊन बसा, ती सांगेल तसे, तिच्याच बोलीत लिहून घ्या. आणि घराचे कागद काढून त्यावर तिचे नाव आहे की नाही ते पाहा. नसेल तर ती हयात असतानाच लावा. पुण्यानुमोदनाच्या सभेतील चार गौरवाचे शब्द तिला ऐकू येणार नाहीत. ही दोन कामे मात्र ती आपल्या डोळ्यांनी पाहील.

जयभीम!