मातीखालचे कामकरी (लेखांक ६) : माळावरचं गवत जातं कुठे?

मागच्या आठवड्यात आपण गांडुळांची ओळख करून घेतली. ओल असेल तिथवर त्यांचं राज्य. पण सेनगाव, कळमनुरी, औंढा या तालुक्यांतल्या मुरमाड माळांवर ओल असते ती पावसाळ्याचे चार महिने. दिवाळीनंतर गांडुळं खोल उतरतात आणि अंगाची गाठ मारून निपचित पडतात. मग वाळलेली कुसळी, पवन्या, मारवेल जिरवतं कोण?

वाळलं गवत पचायला फार जड. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागे ८०च्या आसपास कर्ब असतो, आणि रानगवताची काडीही अशीच निकस. त्यात पाणी नाही. उन्हानं काडी ठिसूळ होते, पण कुजत नाही.

इथे कामाला येते वाळवी, म्हणजे आपली उधई. सकाळी माळावर गेलात तर पडलेल्या काडीवर मातीचं पातळ लिंपण दिसेल. ते रात्रीतून झालेलं असतं. खालची ओलसर माती आणि स्वतःची लाळ कालवून वाळवी हे छप्पर घालते. त्याच्या आडोशाला ऊन लागत नाही, मुंग्यांचीही भीती कमी. जिथे पाऊस नाही, तिथे वाळवी ओल स्वतः घेऊन येते.

आपल्याकडची ओडोंटोटर्मिस वंशाची वाळवी तर चक्क शेती करते. खाल्लेलं गवत वारुळात नेऊन विष्ठेचे जाळीदार थर रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. काडीतला चिवट भाग बुरशी फोडते, मग तो मऊ झालेला थर वाळवी खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळिंब्या याच शेतातल्या.

पडताळा स्वतः घ्या. संक्रांतीला वाळल्या गवताचे सारख्या वजनाचे दोन वाटे करा. एक कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरा, दुसरा अगदी बारीक जाळीच्या नायलॉन कापडात. सुती कापड नको, वाळवी तेही खाईल. दोन्ही माळावर दगडाखाली ठेवा आणि मृग लागायच्या आधी माती झटकून वजन करा. बारीक जाळीत वाळवी शिरत नाही. दोन वजनांतला फरक हे बव्हंशी तिचं आणि तिच्या सोबत्यांचं काम. शास्त्रज्ञही असंच मोजतात.

उन्हाळ्यात नवं गवत फुटावं म्हणून माळ पेटवला जातो. त्या धुरातून काडीतला बराचसा नत्र उडून जातो आणि या कामकऱ्यांचं अन्नही जळतं. नागपंचमीला आपण वारुळाला हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी जमीन खणत नाही. नाग तिथला भाडेकरू, घर बांधलं वाळवीनं. तिच्यासाठी माळावर चार काड्या राहू द्या.

पुढच्या आठवड्यात : शेणकिडे.